शेवटची फेरी किती वाजता

चोडणच्या धक्क्यावर माझा गाडा आहे, रस-ऑम्लेटचा.
समोर मांडवी, पलीकडे रायबंदरचे दिवे.
लोक फोन माझ्या तव्यावर धरून विचारतात:
यात शेवटची फेरी अकराला लिहिलीय, खरं का?

यात, म्हणजे नकाशात.
तो आता कोणीही लिहितो.
पूर्वी सर्व्हेवाले साखळी घेऊन यायचे,
आम्ही त्यांना शहाळी द्यायचो
आणि ते आमची विहीर शेजाऱ्यांच्यात मांडून जायचे.
तेव्हा पूर्वीचं सगळं खरं होतं असं मी म्हणत नाही.

मी कांदा चिरते, आणि वाचते.

एकजण लिहितो, फेरी केव्हाही मिळते, स्वर्ग आहे स्वर्ग.
हा एकदाच आलाय. नोव्हेंबरात, दुपारचा.
ज्याला दुसऱ्यांदा यावं लागलं
तो 'केव्हाही' लिहीत नाही.

दुसऱ्याची पाच वाक्यं, पाचांतही शिव्या:
दहा बेचाळीसला पोचलो, डोळ्यांदेखत दोर सोडला,
सासऱ्यांना धाप, रात्र बाकड्यावर.
त्याचं मी खरं धरते.
खूश माणूस घड्याळ बघत नाही,
आणि बेचाळीस कोणी रचत नाही.
रचणारा पावणेअकरा म्हणतो.

मग चौघं जण, वेगवेगळ्या नावांचे, त्या नव्या रिसॉर्टवर खूश.
चौघांचंही 'अवश्य या' आकारानं सुरू होतं.
चार तोंडं, एकच चुकलेला काना.
त्यांचं मिळून मी एक मत मोजते. मालकाचं.

सगूण खलाशी म्हणतो, तू पणजीला कोर्टात बस,
इथं ऑम्लेटं काय करतेस.
मला ते आवडायचं.

मग बांधाचं झालं.

खाजनातून मानशीकडे जाणारा माझ्या माहेरचा बांध.
'भटका खेकडा ४४' अशा नावाच्या कुणी लिहिलं:
बांध फुटलाय. मानशीच्या पुढं साठ पावलांवर.
ओहोटीला दोन हात रुंद. मंगळवारी पाहिलं.
स्कूटर आणू नका.

खेकडा! शिवाय चव्वेचाळिसावा!
मी खाली लिहिलं: खोटं. मी इथलीच. जन्मापासून.
एकोणीस जणांनी मला अंगठा दिला.

शनिवारी रात्री पार्सलवाला पोरगा आला, डिचोलीकडचा,
छातीपर्यंत काळा, एका पायात चप्पल.
स्कूटर बोस्त्यांवच्या जाळ्यात अडकून होती, म्हणून तरी सापडली.
म्हणाला, मावशी, कुणी इथल्याच बाईनं लिहिलं होतं हो,
म्हणून घातली.
मी त्याला दोन अंडी जास्त फोडली.
पैसे घेतले नाहीत.
आणखी काही बोललेही नाही.

सकाळी गेले. दोन वर्षांनी.
मानशीपासून मोजत गेले आणि अठ्ठावन्नाव्या पावलाला थांबले,
कारण पुढं पाय ठेवायला जागा नव्हती.
भरती लागली होती. दोन हातांचे चार झाले होते
आणि बारीक मासे, आपलाच रस्ता असल्यासारखे,
आत चालले होते.

माझी अठ्ठावन्न, तर तिची साठ.
म्हणजे पाऊल माझ्याहून आखूड.
बाई असेल, कदाचित. किंवा चिखलात जपून चालणारं कुणी.
खेकड्याबद्दल मला एवढंच कळलं,
आणि ते पुरेसं होतं, हे उशिरा कळलं.

घरी येऊन मी माझं 'खोटं' पुसलं.
'जन्मापासून' पुसायला जरा वेळ लागला.
त्या जागी रविवार लिहिलं, तारीख घातली,
भरती लिहिली, चार हात.
याला अजून एकच अंगठा आहे. सगुणाचा,
तोही त्यानं वाचून दिलाय का, शंका आहे.

लोक अजून फोन पुढे धरतात.
मी कांदा बाजूला ठेवते.
काल दहा अडतीसला सुटली, मी इथं उभी होते, म्हणते.
आजचं त्याला विचारा.

आणि सगूण, विचारलं की, आधी पाण्याकडे बघतो.